लायसन्स स्टॉकहोमचं, रस्ता मालवणचा!

*गोव्यात उतरलेला परदेशी पाहुणा भाड्याची गाडी घेऊन मालवणला यायचं म्हणतो, तेव्हा आपण त्याला नक्की काय सांगायला हवं? समुद्र, सोलकढी आणि साइडपट्टी यांच्या मधली थोडी गमतीची, थोडी गंभीर गोष्ट.*

तुमच्या ऑफिसातही असा एक जण असेलच. वर्षभर फक्त व्हिडिओ कॉलवर दिसणारा, कॉल संपवताना न चुकता ‘नमस्ते’ म्हणणारा तिकडचा कलीग. प्रोजेक्टच्या निमित्ताने तो दोन आठवडे पुण्या-मुंबईत येतो, तिसऱ्या दिवशी मिसळीवर जादा तर्री मागायला शिकतो आणि लाँग वीकएंड दिसला की विचारतो, ‘गोव्यात गाडी भाड्याने घेऊन मालवणला जाऊ का?’

आणि आपण काय म्हणतो? ‘अरे बिनधास्त जा! इंडियात गाडी चालवलीस की जगात कुठेही चालवशील!’

पार्टीत हा डायलॉग जाम हिट होतो. पण जरा आकडा बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली दहातली चारहून जास्त दुचाकीवरची होती. हे सगळे बहुतेक इथलेच, इथले रस्ते लहानपणापासून बघणारे. मग काल विमानातून उतरलेल्या माणसाला ‘बिनधास्त जा’ म्हणणं ही दोस्ती झाली का?

बरं, तो येणार हे नक्की. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. पेडण्याजवळ मोपाला जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली आणि तिथून सिंधुदुर्गाची हद्द अगदी हाकेच्या अंतरावर आहे. सिंधुदुर्गातला मुंबई-गोवा हायवे, म्हणजे पूर्वीचा १७ नंबर आणि आताचा ६६, बराचसा चौपदरी झाला आहे. गोव्यातून मालवण नकाशावर शंभर किलोमीटरच्या आत दिसतं. परदेशी माणूस हिशोब करतो, दीड तास! आपण गालातल्या गालात हसतो.

गेल्या डिसेंबरात मी असा प्रवास जवळून पाहिला. मैत्रिणीच्या पुण्यातल्या ऑफिसात स्वीडनहून आलेला एक इंजिनीअर गोव्याहून मालवणला निघाला होता आणि मला स्टोरीसाठी मालवणलाच जायचं होतं. गाडी त्याची, वाटाड्या मी. एक गोष्ट आधीच सांगते, हा गडी कच्चा ड्रायव्हर अजिबात नव्हता. बर्फात, निसरड्या रस्त्यांवर, समोर अचानक सांबराएवढा मूस येईल या तयारीने चालवणारा माणूस. तरीही कुडाळ सोडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात त्याच्या कपाळावर घाम होता. का, ते पुढे वाचा.

आधी कागद, मग काजू

सगळ्यात बोअर आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग आधी उरकूया. परदेशी पाहुण्याकडे त्याच्या देशाचं चालू लायसन्स हवं आणि सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. हे परमिट म्हणजे वेगळं लायसन्स नाही. तुमच्या लायसन्सचं सरकारमान्य भाषांतर म्हणा हवं तर. त्यामुळे नुसतं परमिट दाखवून भागत नाही, मूळ लायसन्सही खिशात लागतं. ते ज्याच्या त्याच्या देशातच काढायचं असतं, गोव्यात येऊन मिळत नाही. भारत १९४९ च्या जिनिव्हा करारात आहे आणि त्या करारानुसार निघालेलं परमिट एक वर्ष चालतं.

आता खरी मेख. या परमिटवर गाड्यांच्या प्रकारांचे वेगवेगळे रकाने असतात. ‘ए’ म्हणजे मोटरसायकल, ‘बी’ म्हणजे कार. तिकडे अनेकांकडे फक्त कारचं लायसन्स असतं. त्यांच्या परमिटवर ‘बी’चा शिक्का असतो, ‘ए’ कोरा. तरी गोव्यात उतरल्यावर ते स्कूटर घेतात, कारण सगळेच घेतात. काही झालं नाही तर मजाच मजा. पण अपघात झाला, तर त्यांची ट्रॅव्हल इन्शुरन्स कंपनी पहिला प्रश्न विचारते, ‘ए’ आहे का? नसेल तर हॉस्पिटलचं बिल आणि घरी परत न्यायचा खर्च, सगळं त्याच्या आईवडिलांच्या डोक्यावर येऊ शकतं.

दुसरी गोष्ट नंबर प्लेटची. आपल्याकडे स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाड्यांची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची गाडी म्हणजे खासगी. ती कुणी शे-दोनशे रुपये कमी करून भाड्याने देत असेल, तर डील सही वाटेल, पण तो व्यवहारच बेकायदा आहे आणि इन्शुरन्सचा मोठा घोळ होऊ शकतो. शिवाय गाडी राज्याबाहेर न्यायची परवानगी आहे का, हे भाड्याच्या कागदावर आधी वाचायला सांगा. पत्रादेवीच्या नाक्यावर हा प्रश्न सुचून उपयोग नाही.

आणि तुम्ही दिलदार होऊन स्वतःची बाइक द्यायच्या विचारात असाल तर थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० नुसार लायसन्स नसलेल्याच्या हातात गाडी दिली तर गुन्हा मालकाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दोस्ती महागात पडते ती अशी.

डावं-उजवं

गंमत बघा. ज्या गोव्यातून हा पाहुणा निघतो, तिथे साडेचारशे वर्षं पोर्तुगीज होते. पोर्तुगाल १९२८ मध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने चालू लागला. पण जमिनीच्या बाजूंनी डावीकडून चालणाऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाने वेढलेला गोवा डावीकडेच राहिला. नाहीतर बांद्याच्या हद्दीवर काय धमाल झाली असती, कल्पना करा!

आमच्या स्वीडिश पाहुण्याच्या देशाने ही धमाल खरोखरच केली आहे. ३ सप्टेंबर १९६७ या एका दिवशी अख्खा स्वीडन डावीकडून उजवीकडे गेला. त्याच्या आजीआजोबांना ते आठवतं. त्याला मात्र जन्मापासून उजवी बाजूच माहीत.

त्यामुळे पहिल्या वळणावर त्याने इंडिकेटर द्यायला दांडी खेचली आणि वायपर सुरू झाले. डिसेंबरातल्या लख्ख उन्हात काच खसाखसा पुसली जातेय! युरोपातल्या गाड्यांमध्ये इंडिकेटर डाव्या हाताला असतो, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत उजव्या. कसाल येईपर्यंत आम्ही हसून हसून बेजार झालो.

हसू थांबलं ते साइडपट्टीवर. जन्मभर डाव्या सीटवर बसून चालवलेल्या माणसाला गाडीचा डावा भाग किती लांब पसरलाय याचा अंदाज येत नाही. तो नकळत गाडी डावीकडे दाबत जातो. हायवेवर त्याने फरक पडत नाही. पण गावाकडच्या रस्त्यावर डांबर संपतं तिथे जांभ्याच्या लाल मातीची पट्टी असते, पावसाने कातरलेली, डांबरापासून वीतभर खाली गेलेली. डावं चाक त्या कडेवरून उतरलं की माणूस घाबरून स्टिअरिंग उजवीकडे खेचतो आणि गाडी समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाते. शेजारी बसणाऱ्याचं काम एकच, डावीकडे किती जागा उरली ते शांतपणे सांगत राहायचं. ओरडायचं नाही.

हात हलवणारं कोकण

स्वीडनमध्ये १९७७ पासून दिवसाही हेडलाइट लावूनच गाडी चालवायचा नियम आहे. त्याने सवयीने दिवे लावले. झालं! कसाल ते मालवण, समोरून येणारा प्रत्येक जण हात वर करून बोटं मिटत-उघडत जाऊ लागला. रिक्षावाले, बाइकवाले, एका एसटीचे ड्रायव्हरसुद्धा. हा खूश. त्याला वाटलं, काय प्रेमळ लोक आहेत! तोही सगळ्यांना हात करत सुटला. ‘तुझा लाइट चालू राहिलाय’ एवढंच ते सांगत होते, हे मी त्याला जरा उशिराच सांगितलं.

आपल्या रस्त्यावर अशी एक अख्खी भाषा आहे आणि ती कुठल्याही लायसन्सच्या परीक्षेत विचारत नाहीत. लाइटचा डिपर घ्या. युरोपात समोरच्याने डिपर मारला तर बहुतेक वेळा अर्थ असतो, ‘तू जा, मी थांबतो.’ आपल्याकडे अर्थ असतो, ‘मी येतोय, तू थांब.’ अरुंद पुलाच्या दोन टोकांना हे दोन अर्थ समोरासमोर आले तर? पाहुण्याच्या मनात ही एक गोष्ट शिरली तरी अर्धं काम झालं.

ट्रकच्या इंडिकेटरचंही तसंच. कधी तो ‘पुढे जा’ असतो, कधी ‘मी वळतोय’ आणि कधी नुसताच विसरलेला. आपण ट्रकचा वेग बघतो, पुढे फाटा आहे का बघतो, ड्रायव्हरचा बाहेर आलेला हात बघतो आणि ठरवतो. पाहुण्याला सरळ सांगा, इंडिकेटरवर विश्वास ठेवून ओव्हरटेक करायचं नाही. पुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसला तरच करायचं.

आणि हॉर्न! तिकडे हॉर्न म्हणजे शिवी. इथे हॉर्न म्हणजे ‘मी आहे हां’. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली, तरी वळणावर हॉर्न न वाजवणारा माणूस इथे धोकादायकच. आमच्या पाहुण्याला पहिला हॉर्न वाजवताना चक्क लाज वाटली. मालवण येईपर्यंत त्याने ती सोडली होती.

दगडाचा रंग वाचा

फाट्यावरच्या पाट्या मराठीत. ‘पुढे शाळा आहे’, ‘अपघाती वळण’, ‘वाहने सावकाश चालवा’, सगळं काही लिहिलेलं असतं, पण त्याच्यासाठी ती फक्त नक्षी. मोबाइलचा नकाशा आहे, पण झाडीत आणि उतारावर रेंज गेली की तोही मुका होतो.

इथे एक सोपी युक्ती कामाला येते. किलोमीटरच्या दगडाच्या डोक्याचा रंग बघायचा. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, काळा किंवा निळा म्हणजे जिल्हा रस्ता, नारिंगी म्हणजे गावचा रस्ता. अक्षर वाचता न येणाऱ्यालाही कळतं की आता रस्ता अरुंद होणार, वेग कमी करायला हवा. दगडावरचा आकडा मराठीत असू शकतो, म्हणून ० ते ९ आकडे कागदावर लिहून द्या. आमच्या पाहुण्याने ते चहा पिता पिता पाठ केले.

रस्ता नव्हे, अंगण

खरी परीक्षा हायवेवर नसतेच, हायवे सोडल्यावर असते. चौपदरी रस्त्याने हात सैल झालेले असतात आणि वळलात की रस्ता एकदम कुणाच्या तरी घरासमोरून जायला लागतो. तारकर्ली-देवबागला जाऊन आलेल्यांना माहीत आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत माडाच्या बागा, घरं आणि त्यातूनच रस्ता. समोरून गाडी आली की एकाने मागे यायचं. कुणी यायचं? जिथे रुंद जागा जवळ असेल त्याने. हा नियम कुठे लिहिलेला नाही, नजरेने ठरतो.

या रस्त्यावर गुरं बसतात, कडेला मासळी सुकत असते, चिऱ्यांनी भरलेला ट्रक धापा टाकत येतो, शाळा सुटलेली पोरं चौघं-चौघं हातात हात घालून चालतात. इथल्या माणसाला हे अडथळे वाटत नाहीत, कारण कोण कुठून कधी येणार हे त्याला ठाऊक असतं. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ नावाचं धोरण स्वीकारलं. त्यामागचा विचार असा, की माणूस चुकणारच, म्हणून रस्ताच असा बांधायचा की चुकीची शिक्षा मरण नसेल. आमच्या पाहुण्याला अशा माफ करणाऱ्या रस्त्यांची सवय होती. आपले रस्ते माफ करत नाहीत. इथे सगळी भिस्त डोळ्यांवर आणि पाठांतरावर.

हेच एका चहावाल्या काकांनी मला एका वाक्यात सांगितलं. आमचा पाहुणा संध्याकाळी देवबागहून परत कुडाळला जाऊन यायचं म्हणत होता. काका भजी तळता तळता म्हणाले, ‘तेका सांग गो, राती गाडी घेवन भायर पडू नको. आमका खड्डे पाठ आसत, तेका खंय?’

काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं. गावचे बरेच रस्ते रात्री मिट्ट काळोखात असतात. समोरच्याचा अप्पर डोळ्यांत घुसतो, मागचा दिवा नसलेली सायकल शेवटच्या क्षणी दिसते, रंग न मारलेला गतिरोधक दिसतच नाही. कार्तिकापासून गावोगाव जत्रा सुरू होतात, दशावतार रात्रभर रंगतो आणि पहाटे माणसं घोळक्याने रस्त्यातून चालत घरी जातात. आंगणेवाडीच्या जत्रेला तर मालवण तालुक्यातले रस्ते गाड्यांनी फुलून जातात. पाहुण्याच्या कॅलेंडरमध्ये यातलं काहीच नसतं. त्याला ते आपणच सांगायचं.

घाट आणि पाऊस

काही जण गोव्याऐवजी बेळगावकडून आंबोली घाटाने उतरतात. घाटाचे दोन नियम पुरे. एक, रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. हे २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्येही आहे. दोन, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे सगळा भार ब्रेकवर येत नाही. बिनगिअरच्या स्कूटरला हे जमत नाही, म्हणून डबलसीट आणि सामान घेऊन स्कूटरने घाट उतरणं टाळलेलं बरं. जून ते सप्टेंबरमध्ये धुकं, शेवाळ आणि दरडी यांचा विचार करून परदेशी पाहुण्याला स्टिअरिंगच देऊ नका. ड्रायव्हरसकट गाडी ठरवा, त्याला खिडकीशी बसू दे. आंबोलीचा पाऊस तिथूनही तितकाच भारी दिसतो.

काही झालंच तर...

हा भाग कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, ओरोसला जिल्हा रुग्णालय. पण डोक्याला गंभीर मार असेल तर सिंधुदुर्गातले पेशंट वर्षानुवर्षं गोव्यात बांबोळीला हलवले जातात. म्हणजे पुन्हा तोच रस्ता, या वेळी ॲम्ब्युलन्समधून. त्या अंतरात वेळ जातो. हेल्मेटचा पट्टा गळ्याखाली घट्ट लावला होता की नाही, हा प्रश्न तेव्हा दंडापुरता राहत नाही.

आणि अपघात तुमच्या समोर झाला, तर थांबा. मदत केली तर पोलिसांच्या चकरा माराव्या लागतील ही भीती आता सोडा. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. परक्या मुलखात, भाषा येत नसताना रस्त्यावर पडलेल्या माणसाला सगळ्यात आधी काय हवं असतं? त्याच्या वतीने मराठीत बोलणारा एक आवाज.

आमचा पाहुणा ठणठणीत परत गेला. शेवटच्या दिवशी तो एसटीला नीट साइड देत होता आणि एसटीचे ड्रायव्हर त्याला हात करत होते. या वेळी लाइट बंद होते! त्याचं ड्रायव्हिंग सुधारलं नव्हतं, ते आधीपासूनच चांगलं होतं. लायसन्स गाडीचं मिळतं, रस्त्याचं मिळत नाही. ते शेजारी बसलेल्याने द्यायचं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर ‘बिनधास्त जा’ म्हणू नका. ‘सावकाश जा’ म्हणा आणि खालची यादी पाठवा.

पाहुण्याला व्हॉट्सॲप करा

• मूळ लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट, दोन्ही जवळ हवं. बाइक चालवायची तर ‘ए’चा शिक्का बघ.

• गाडी काळ्या प्लेटची, पिवळ्या अक्षरांचीच घे. राज्याबाहेर न्यायची परवानगी कागदावर लिहून घे.

• घ्यायच्या आधी ब्रेक, टायर, हॉर्न आणि दिवे तपास. गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढ.

• पहिला दिवस गोव्यातच, रिकाम्या रस्त्यावर सराव कर. वायपर आणि इंडिकेटर पाठ कर!

• समोरच्याचा डिपर म्हणजे ‘तू थांब’.

• सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोच. नकाशाने सांगितलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ धर.

• हेल्मेट दोघांनाही, पट्टा लावून. बीअर मुक्कामी पोचल्यावर, चावी दुसऱ्याकडे देऊन.

• आणीबाणीत ११२. महाराष्ट्रात ॲम्ब्युलन्ससाठी १०८. आणि त्यानंतर लगेच मला फोन.